वैखरी काय म्हणाली

पद्मावतीबाई मगदूम आमच्या दारात आल्या आणि चपला काढता काढताच त्यांनी माझ्या मुलीला काहीतरी विचारलं. तोंडानं नाही, हातांनी. दोन बोटं हनुवटीजवळ नेली, तळहात उलटा केला, भुवया उडवल्या. आणि वैखरी हसली.

ओठ मिटून हसायची तिची सवय मला माहीत होती. हे हसणं वेगळं होतं. पोटातून आलेलं, मोठ्या आवाजाचं, जरा घोगरं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो कुठं आवरावा हे तिला कळत नसे. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती, आणि माझ्या घरात असं हसताना मी तिला पहिल्यांदा पाहत होतो.

"काय विचारलंत तिला?" मी म्हणालो.

"काही नाही सर, चेष्टा केली. म्हटलं, आम्ही तुला बघायला आलोय का तू आम्हाला बघायला बोलावलंयस?"

त्यांच्या मागं त्यांचा मुलगा उभा होता. अभिनंदन. उंच, सावळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. तोही जन्मापासून बहिरा. सांगलीच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर बसवायचं काम करायचा. वैखरी इचलकरंजीत साड्यांची डिझाईनं काढायची आणि तिथंच बायकांच्या वसतिगृहात राहायची. कर्णबधिरांच्या कुठल्याशा मेळाव्यात दोघांची ओळख झाली होती. हे सगळं मला बायकोकडून, मालनकडून, आठवड्यापूर्वी कळलं होतं. मालनला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नव्हतं. चिठ्ठी आली असेल असं मी धरून चाललो.

ही एकोणीसशे नव्याण्णव सालची, मार्चमधल्या रविवारची गोष्ट. आम्ही गडहिंग्लजला राहायचो. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. तालुक्यात मला ओळखत ते वक्तृत्वासाठी. माझी पोरं जिल्ह्याच्या स्पर्धेतून ढाल घेऊन यायची. शिंत्रे सरांचा विद्यार्थी माईकसमोर उभा राहिला की मागच्या बाकावरच्या माणसालाही शेवटचं अक्षर ऐकू जातं, असं लोक म्हणत. मुलीचं नाव वैखरी मीच ठेवलं. उच्चारलेली वाणी. ते नाव ठेवलं तेव्हा ती सात दिवसांची होती. तिला ऐकू येत नाही, हे कळायला पुढं दीड वर्ष गेलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, "हिला बोलायला शिकवा. रोज शिकवा. हातवारे करू देऊ नका. हातवाऱ्यांची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही." मी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सहा ते सात, आरसा पुढं ठेवून आम्ही दोघं बसायचो. मेणबत्ती लावायची आणि 'प' म्हणून ज्योत हलवायची. माझ्या गळ्यावर तिचा हात, तिच्या गळ्यावर माझा. 'ग' यायला सात महिने लागले. मी एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी नाही, दिवाळी असली तरी नाही. दहाव्या वर्षापर्यंत तिला दोनेकशे शब्द म्हणता यायचे. ते घरच्यांनाच कळत, पण यायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

म्हणून त्या दुपारी, पाहुणे सतरंजीवर टेकले आणि तिघांचे हात हवेत सुरू झाले, तेव्हा मला राहवेना.

"वैखरीला बोलता येतं," मी पद्मावतीबाईंना म्हणालो. "तुम्ही हात नाही केलेत तरी चालेल."

"होय का?" त्या म्हणाल्या.

मी वैखरीच्या खांद्यावर थोपटलं. ती वळली. मी ओठ नीट उघडून, सावकाश म्हणालो, "वैखरी. पाहुण्यांना तुझं नाव सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढीशी असताना दर पाहुण्यापुढं मी तिला हेच सांगायला लावायचो. पंचवीस वर्षांच्या मुलीला तिच्या होणाऱ्या नवऱ्यापुढं नाव म्हणून दाखवायला सांगतोय, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

"वय्-ख-यी," ती म्हणाली.

"छान. आणि गाव?"

"राहू दे की हो," मालन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

अभिनंदन सतरंजीकडं बघत होता. पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या, "छान बोलते की. पण सर, आम्हाला तिचं बोलणं समजतंय तसंही. दोन वर्षं आमच्याकडं येतीय ती रविवारची."

दोन वर्षं. रविवारी तिला जादा काम असतं, असं मला सांगण्यात आलं होतं.

मी मालनकडं पाहिलं. ती आत गेली होती.

जेवायला बसलो. मगदूम जैन, म्हणून मालननं कांदा-लसूण न घालता सगळं केलं होतं. पद्मावतीबाई मोकळ्या स्वभावाच्या. चौथी शिकलेल्या, ब्लाऊज शिवून घर चालवलेलं, नवरा लवकर गेलेला. एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं बोलणं, वर तोंडानं मला सांगणं, असं तिन्ही त्यांचं एका वेळी चाललं होतं.

"तुम्ही हे शिकलात कुठं?" मी विचारलं. मला खरं म्हणजे त्या बाईचं थोडं हसू येत होतं.

"कुठं शिकणार? ह्याच्याकडनंच. हा शाळेतनं सुट्टीला आला की मित्रांना घेऊन यायचा. पाच-सहा पोरं माझ्या मशीनभोवती बसून हातानं बोलत असायची आणि मी आपली मधी ठोंब्यागत. म्हटलं, माझ्याच घरात मला कळंना झालंय, हे काय खरं न्हाई. मग लागले विचारायला, ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. चुकलं की हसायची पोरं. हसू देत." त्यांनी भाताचा घास घेतला. "आता त्यांच्यात माझं नावसुद्धा आहे. प्रत्येकाला खूण असती ना सर. मी म्हणजे ही." त्यांनी अंगठा आणि बोटानं सुई धरल्यासारखं केलं. "अभि म्हणजे असं, गालावर खळी पडती म्हणून. वैखरी म्हणजे हातात ब्रश."

"आणि मालन?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही तळव्यांत भाकरी थापल्यासारखं केलं. वैखरी बघत होती, ती हसली.

"आणि मी?"

पद्मावतीबाईंचे हात उठले आणि मधेच थांबले. तेवढ्यात अभिनंदननं, कशाबद्दल चाललंय ते नुकतंच उमजल्यासारखं, चटकन खूण करून दाखवली. एका मनगटावर दुसरं मनगट. वैखरीनं त्याच्या हातावर जोरात चापट मारली.

"म्हणजे काय?" मी म्हणालो.

"काही न्हाई सर. मास्तर म्हणजे असंच काहीतरी," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि आमटीचं कौतुक करू लागल्या.

मी वर्गात हात बांधून उभा राहायचो. तेच असणार, असं मला वाटलं. बरं वाटलं. मुलगी मित्रमंडळींत आपला उल्लेख करते, आपल्या उभं राहण्याची ढब तिच्या लक्षात आहे, याचं बरं वाटलं.

मालन भात वाढायला आली. वैखरीनं तिला हातानं काहीतरी विचारलं. मालननं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि उत्तर दिलं. हातांनी. भराभर, बोटं न अडखळता, मान हलवत, मधेच डोळे मिचकावत. वैखरीनं आणखी काही म्हटलं, मालननं कपाळावर हात मारला, आणि दोघी हसल्या. पद्मावतीबाईही हसल्या. अभिनंदनही. मग मालनला माझी आठवण झाली. तिचे हात पदराखाली गेले.

"मालन," मी म्हणालो, "तुला हे येतं?"

"येतं थोडं."

"कधीपासून?"

ती पातेलं उचलायला वाकली.

"मालन, कधीपासून?"

"ती चार-पाच वर्षांची असल्यापासून," ती पातेल्याकडं बघत म्हणाली. "आधी आमचं आमचंच होतं काहीतरी. मग ती शाळेतल्या बहिऱ्या पोरींकडनं नवीन शिकून यायची, मला दाखवायची. तुम्ही हायस्कुलात गेलात की आम्ही बोलायचो. तुमची सायकल फाटकाशी वाजली की बंद करायचो."

"तिला कुठं सायकल ऐकू येते?"

"मी सांगायची तिला," मालन म्हणाली.

वीस वर्षं. मी दप्तर घेऊन बाहेर पडायचो आणि माझ्या घरात दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या. मी परत आलो की घर गप्प व्हायचं, आणि मग मी आरसा घेऊन बसायचो, तिला बोलकं करायला.

माझा घास ताटातच राहिला. मला दुःख झालं असं म्हणणं खोटं ठरेल. दुःख पुढं झालं. त्या क्षणी मला फक्त राग आला होता. फसवलं गेल्याचा राग, परक्या बाईसमोर उघडं पडल्याचा राग.

वैखरी माझ्या तोंडाकडं बघत होती. ती लहानपणापासून माझं तोंडच वाचत आली होती. तिनं ताट बाजूला सारलं, हात धुतले, आणि येऊन माझ्यासमोर बसली. पद्मावतीबाईंच्या गुडघ्याला हात लावून तिनं त्यांना काहीतरी विनवलं.

"सर," पद्मावतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम सांभाळून आला, "ती म्हणतीय, मला बाबांशी बोलायचंय. मी सांगते तसं तुम्ही बोला, असं मला म्हणतीय. चालेल न्हवं?"

मी मान हलवली.

वैखरीचे हात चालू लागले, आणि त्यांच्यामागून अर्ध्या शब्दाच्या अंतरानं पद्मावतीबाईंचा आवाज.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी खूप केलं. मला माहीत आहे. पण मी तुमच्याशी कधी बोललेच नाही. पाणी दे, शाळेत गेले, बरं आहे, एवढंच. मला काय वाटतं ते मी तोंडानं सांगू शकत नाही, तेवढे शब्दच मला तोंडात नाहीत. हातात आहेत." त्या थांबल्या, वैखरी थांबली म्हणून. मग पुन्हा. "आईला येतं. तुम्ही पण शिका. अवघड नाही. दर रविवारी आम्ही येऊ. अभि शिकवेल. चुकलात तर मी हसणार नाही. बाबा, शिकाल?"

तिचे डोळे माझ्या ओठांवर. मालन दारात. अभिनंदननं उत्साहानं मान डोलावली, 'मी शिकवतो' अशी छातीला हात लावून खूण केली. अडाण्यासारखा हसला. तो काही अडाणी नव्हता. मला तसा दिसला.

आज मी हे लिहितोय तेव्हा माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. आयुष्यात मला कुणी इतक्या स्वच्छपणे काही मागितलं नव्हतं. पण तेव्हा मला ऐकू आलं ते एवढंच, की तुमची वीस वर्षांची मेहनत फुकट होती.

"तिला सांगा," मी पद्मावतीबाईंना म्हणालो, "मी जे केलं ते तिच्या भल्यासाठी केलं. चारचौघांत तिला बोलता यावं म्हणून केलं. या वयात मी माकडासारखे हातवारे करणार नाही."

पद्मावतीबाईंनी हात मांडीवर ठेवले.

"हे मी न्हाई सांगणार, सर," त्या म्हणाल्या. "सांगायचंच असेल तर तुम्हीच सांगा."

"अहो," मालन म्हणाली, "नंतर बोलू की. आता नको."

मी वैखरीकडं वळलो. नेहमीसारखी हनुवटी वर केली, ओठ नीट उघडले आणि एकच शब्द म्हणालो.

"नाही."

तिला तो लगेच वाचता आला. पुन्हा म्हणायची गरज पडली नाही. तिनं उठून सगळ्यांची ताटं गोळा केली आणि आत नेली. अभिनंदन आईला खुणेनं विचारत होता, काय झालं, काय म्हणाले. पद्मावतीबाईंनी त्यालाही सांगितलं नाही.

चार वाजता पाहुणे निघाले. वैखरी त्यांच्याबरोबरच सांगलीच्या एसटीनं गेली. खरं तर ती सोमवारपर्यंत राहणार होती.

मालन मोरीत भांडी घासत बसली. मी बराच वेळ ओसरीवर फेऱ्या मारल्या. शेवटी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो.

"माझी ती खूण," मी म्हणालो. "मनगटावर मनगट. म्हणजे काय?"

मालन घासत राहिली.

"हात बांधून उभा राहतो म्हणून ना?"

"रुमाल," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आरशासमोर बसल्यावर तिचे हात सारखे उठायचे. 'भाकरी' म्हणायचं असलं की हात आधी थापायला जायचे, 'ये' म्हणायचं असलं की बोटं हलायची. डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी माझा रुमाल काढायचो आणि तिची मनगटं मांडीवर बांधायचो. घट्ट नाही, हळूच. तासभर. पाचव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत. नंतर नंतर ती स्वतःच हात पुढं करायची, आणि मला वाटायचं, मुलगी शहाणी झाली.

"तिनं ठेवलं हे नाव?"

"शाळेतल्या पोरींनी विचारलं, वडील कसे आहेत. हिनं करून दाखवलं. तेच पडलं."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

मालननं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "ती सहा वर्षांची असताना सांगितलं होतं, बांधू नका म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं त्यातलं. मग मी माझ्यापुरतं काय करायचं ते केलं."

एसटी तेव्हा फार तर निपाणीपर्यंत पोचली असेल. सांगलीला जायला रात्री आठची गाडी होती. मी कपडे बदलले, पायात चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. जाऊन तिला काय सांगणार? कसं सांगणार? पद्मावतीबाईंच्या तोंडानं माफी मागायची, हे मला जमण्यासारखं वाटलं नाही. मी परत येऊन ओसरीवर बसलो. पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरवलं. पुढच्या रविवारी जिल्ह्याची स्पर्धा होती.

लग्न झालं. मी अडवलं नाही, आणि न अडवणं हाच माझा मोठेपणा समजत राहिलो. मांडवात शंभरेक माणसं हातांनी बोलत होती. मी दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करत होतो. वैखरी सणाला यायची, पाया पडायची, "बय्ये आहात?" म्हणायची, आणि मालनबरोबर आत जायची. आता त्यांना सायकलची चाहूल घ्यायची गरज नव्हती. त्या माझ्यासमोरच बोलायच्या. मी पेपर वाचायचो. तिला मुलगा झाला. ऐकणारा, बोलणारा. तोही आजीशी हातांनी बोलायचा आणि माझ्याशी तोंडानं, पाहुण्याशी बोलावं तसं.

दोन हजार चौदा साली मालन गेली. सहा दिवसांत गेली. कार्य आटोपलं. सांगलीला परतायला वैखरीची रिक्षा दारात आली, सामान ठेवून झालं, अभिनंदन आणि नातू बाहेर उभे राहिले. वैखरी उंबऱ्यातून मागं फिरली आणि ओसरीवर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

आणि बोलू लागली. हातांनी.

मला वाटलं काहीतरी राहिलं असेल, गोळ्यांचं किंवा किल्ल्यांचं. पण ती थांबेना. हात छातीशी जात होते, घराच्या आत दाखवत होते, माझ्याकडं येत होते. मालनची खूण मी ओळखली, ती दोनदा आली. माझी एकदा आली. बाकी काही कळलं नाही. तिचा चेहरा कधी आक्रसत होता, कधी अगदी मऊ होत होता. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला ती हात थांबवत नव्हती. मी टेबलावरची वही आणि पेन घेऊन तिच्यापुढं धरलं. तिनं मान हलवली आणि बोलत राहिली. मी नातवाला हाक मारली, "अरे, आई काय म्हणतेय बघ." तो दोन पावलं पुढं आला. अभिनंदननं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. अभिनंदनला सगळं कळत होतं. तो खाली बघत होता.

दहा मिनिटं झाली असतील. मग तिचे हात थांबले. ती वाकून पाया पडली आणि रिक्षात जाऊन बसली.

त्यानंतर मी शिकायला लागलो. दर शनिवारी कोल्हापूरला जायचो. वर्गात सगळी तरुण मंडळी. शिकवणारी मुलगी पंचविशीची, स्वतः कर्णबधिर. माझी बोटं वळत नव्हती, तरी दोन वर्षांत तीनेकशे खुणा आल्या. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि त्या दिवशीचं जेवढं आठवत होतं तेवढं करून दाखवलं. वैखरीचा हात असा गेला होता, मग असा, मग दोन्ही असे. तिनं लक्ष देऊन पाहिलं. पुन्हा करायला सांगितलं. मग वहीत लिहिलं, "यातलं काही लागत नाही सर. तुमचं अर्धं विसरलंय, अर्धं उलटं होतंय. त्यांनाच विचारा ना."

ते विचारायचं धाडस गोळा करायला मला आणखी वर्ष लागलं. गेल्या दिवाळीत मोबाईलवर मजकूर लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच पाठवलं, "वैखरी, आईचं कार्य झालं तेव्हा ओसरीवर तू मला काय सांगितलंस? आता मला थोडं येतं. मला समजून घ्यायचं आहे."

तिनं ते वाचल्याचं लगेच दिसलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

"खूप दिवस झाले बाबा. आता आठवत नाही. तब्येतीला जपा."